मधोमध भरलेली ट्रॉली

कयाक तुम्ही पवनेच्या पाण्यावर पाहिली असेल. प्लास्टिकची लांबुडकी होडी, माणूस तिच्यात पाय लांब करून बसतो आणि दोन्ही बाजूंनी वल्हं मारतो. दिसायला खेळणं, पण घरात ठेवून बघा. माझ्याकडे अशा चार आहेत, शिवाय सहा सायकली. भाजे गावातलं आमचं घर मुळात दोन खोल्यांचं. त्यातल्या एकीत सायकली उभ्या आणि पडवीत कयाक आडव्या, असं आम्ही वर्ष काढलं. अतुल, माझा नवरा, तळेगावला कंपनीत आहे. पाळी संपवून आला की कयाक आणि भिंत यांच्या मधल्या फटीतून अंग चोरून आत यायचा आणि चकार शब्द काढायचा नाही. बोलला असता तर मी निदान भांडले असते.

लोणावळ्याच्या एका हॉटेलात मी बरीच वर्षं काउंटरवर होते. राग नाकावर आणि तोंडात 'येस सर', हे किती दिवस चालणार? एक दिवस सोडून दिलं आणि हा धंदा काढला. मळवली स्टेशनवर लोकांना घ्यायचं, सायकलींवरून पवनेकडची शेतंबितं दाखवायची, दुपारनंतर पवनेत कयाक. धंदा बरा चालला, पण पवनेच्या काठाला आमची वीतभर जागा नाही. त्यामुळे सामान घरी, आणि दर शनिवार-रविवारी दुधिवरे खिंड चढून तिकडे न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. जीपच्या टपावर दोनच कयाक मावतात. एकदा टपावर चढवताना एक कयाक माझ्या खांद्यावर आली, तेव्हा मी जे तोंड सोडलं ते म्हणे स्टेशनपर्यंत ऐकू गेलं.

म्हणून ट्रॉली करायची ठरवली. सोमाटण्याला संदेश म्हणून एक जण फॅब्रिकेशनचं काम करतो, त्याला सांगितलं, मला ट्रॅक्टरची ट्रॉली नको, हलकी हवी, रिकामी असली तर मी एकटीने ढकलीन अशी. त्याने चौकोनी पाइपची चौकट केली, खाली छोट्या कारची दोन चाकं बसवली. वर दोन आडव्या दांड्या, त्यांना काळा फोम गुंडाळलेला, त्यावर कयाक. खाली सायकलींची चाकं अडकवायला खाचा. कयाक लांब, म्हणून जीपला जोडायची दांडीही लांब ठेवली, नाहीतर वळणावर कयाकचं टोक जीपच्या काचेत घुसायचं. मागे लाल दिवे लावले. पासिंगसाठी माझ्या चपला झिजल्या, ते जाऊ दे.

ट्रॉली दारात आली आणि आबा ओट्यावरून उठले.

आबा म्हणजे माझे वडील, निवृत्ती. ते ओट्यावरून उठले ही काय सांगायची गोष्ट, असं तुम्हाला वाटेल. पण आबा जेवायला आणि झोपायला सोडून उठतच नव्हते. पूर्वी आमची बैलगाडी होती. गावात शेतं दुसऱ्यांची, भात दुसऱ्यांचं, गाडी आमची. कामशेतच्या गिरणीला भात न्यायचं काम आबांचं. त्यांच्या बैलांच्या माना कधी सोलल्या नाहीत. ज्यांच्या गोठ्यात स्वतःचे बैल होते तेसुद्धा गाडी भरायला आबांना बोलावून न्यायचे. आबांना चहा वेगळ्या कपात द्यायचे, पण गाडी त्यांच्याच हातून भरून घ्यायचे. मग टेम्पो आले. बैल विकले, गाडी सडली, आणि आबा ओट्यावर बसले ते बसलेच. 'व्हय' आणि 'न्हाई' एवढंच बोलायचे. आई गेल्यावर मी आणि अतुल इथे राहायला आलो, तेव्हा मला वाटलं होतं की माणसं आली की बोलतील. कसलं काय. मी एकटीच बडबडायचे.

तर आबा उठले, ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून आख बघितला. जीपला जोडायची दांडी उचलून पाहिली.

"भरायचं मी बघतो," म्हणाले. "तू नुसती चालव."

मी काय नाही म्हणणार होते? मला आनंदाने रडू यायचं बाकी होतं.

शनिवारी सकाळी त्यांनी ट्रॉली भरली. मी आणलेले पट्टे बाजूला टाकून दिले, दोरच घेतला. दोन कयाक थोड्या मागे सरकवल्या, सायकली मागच्या बाजूला घेतल्या, लाइफ जाकिटांची पोती अगदी शेवटी. मग पुढे येऊन दांडी दोन बोटांवर उचलली, परत मागे गेले, एक सायकल वीतभर हलवली, परत येऊन उचलली. असं त्यांचं बराच वेळ चाललं होतं. शेवटी मला हाक मारून म्हणाले, "ये, बघ. दोन बोटांवर हाय का न्हाई? मानेला कळत बी न्हाई मागं काय वझं हाय ते."

"आबा, जीप आहे ती. तिला कुठली मान."

"आसू दे की. म्हून काय लादायचं तिच्यावर?"

मी हसले. त्या दिवसापासून आबा वेगळेच झाले. शुक्रवारी संध्याकाळी विचारायचे, उद्या किती माणसं हायत. सकाळी दाढी करून तयार. अतुलने एकदा सायकल त्याच्या मनाने खाचेत ठेवली, तर त्याला असं झापलं की अतुल गालात हसत बाजूला झाला. रात्री जेवताना आबा गोष्टी सांगायला लागले, गिरणीच्या, बैलांच्या, कुणाची गाडी कुठल्या ओढ्यात उलटली त्याच्या. माझ्या लहानपणी जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या थोड्या दिवसांत बोलले.

आणि ट्रॉली मात्र नीट चालत नव्हती.

पहिल्यांदा मला वाटलं रस्ता खराब आहे. जरा वेग घेतला की मागे काहीतरी डुलतंय असं वाटायचं. मग एका रविवारी खिंड ओलांडून पवनेच्या बाजूला उतरताना ट्रॉली डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग अजून जोरात डावीकडे. मी ब्रेक दाबला तर ती आणखीच पिसाळली. जीपचं मागचं अंग धरून ओढत होती, स्टेअरिंग माझ्या हातात नावालाच. समोरून काही आलं असतं तर मी आज हे सांगायला नसते. शेवटी जीप कठड्याला घासत थांबली. एका सायकलीचं हँडल वाकलं, बाकी काही झालं नाही. मागून पाहुण्यांची गाडी येत होती, आत दोन लहान पोरं. ते हॉर्न वाजवत होते आणि मला खाली उतरून त्यांना दोन शब्द सुनवायचंही सुचत नव्हतं.

सोमवारी मी ट्रॉली आदल्या दिवशीसारखी भरूनच सोमाटण्याला नेली. आबांनीच भरून दिली. संदेशला दाखवायची आहे म्हटल्यावर त्यांनी दोर जरा जास्तच देखणा बांधला. सगळा रस्ता मी बैलगाडीच्या चालीने गेले. संदेशने दांडी जीपपासून सोडवली, एका हाताने उचलली आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, हे कुणी भरलं?"

"का?"

"इतकं बरोबर मधोमध भरलेलं मी आजवर बघितलं नाही. पण असं चालत नाही. वजन पुढे पाहिजे. हुकावर दाबून बसलं पाहिजे, दांडी एका हाताने उचलताच येता कामा नये. पुढे भार नसला की ट्रॉली जीपच्या मागे जात नाही, जीपला आपल्या मागे नेते."

त्याने दोन सायकली आणि जाकिटांची पोती पुढे घेतली, कयाक सरकवल्या. येताना मी मुद्दाम वेग घेऊन पाहिला. ट्रॉली मुकाट मागे येत होती.

म्हणजे काम अगदी सोपं. घरी जायचं आणि आबांना सांगायचं की वजन पुढे हवं. एवढंच. मी रस्ताभर वाक्य जुळवत आले. दारात जीप थांबली तर आबा ओट्यावर नव्हते, फाटकाशी उभे होते.

"काय म्हनला तो?" त्यांनी विचारलं.

"म्हणाला, इतकं बरोबर भरलेलं आजवर बघितलं नाही," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. आबांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि परत घातली. पुढचं मला बोलवेना. एरवी मी कुणाच्या बापाला भीत नाही, पण स्वतःच्या बापाच्या तोंडावरचं ते समाधान पुसायचं कसं? हे एक काम काढून घेतलं की ते परत ओट्यावर जाणार, आणि या वेळी गेले तर परत उठायचे नाहीत, याची मला खात्री होती. आणि न सांगावं तर खिंडीचा उतार दर आठवड्याला माझी वाट बघतच होता. पुढे मागे कुणाचं तरी पोर त्या ट्रॉलीसमोर आलं असतं.

मग मी मधला मार्ग काढला. गाव सुटल्यावर चढ लागायच्या आधी एक सपाट वळण आहे. तिथे जीप थांबवायची, आबांचे दोर सोडायचे, सामान पुढे घ्यायचं, बांधायचं आणि मग खिंड चढायची. संध्याकाळी परत येताना त्याच वळणावर थांबायचं आणि सगळं पुन्हा आबांसारखं मागे लावून घरी जायचं. कारण उतरवायचेही तेच. दमून जायचे मी. हॉटेलात पाहुण्यांसमोर जेवढं नाटक केलं नसेल तेवढं त्या वळणावर केलं. आबा विचारायचे, "आज कशी चालली?" मी म्हणायचे, "झकास."

त्या वळणावर धोंडाबाई शेळ्या चारायला असते. तिने एकदा विचारलं, "रोज रोज काय गं उतरवती आन् भरती?" मी म्हटलं, "दोर सैल होतो मावशी." ती हं म्हणाली. धोंडाबाईचं हं म्हणजे गावात दवंडी, हे मला कळायला हवं होतं.

पुढच्या रविवारी ट्रॉली भरून झाली आणि आबा जीपचं दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसले. आजवर कधी आले नव्हते.

"चल," म्हणाले. "आन् त्या वळनावर थांब."

कुठलं वळण, हे मी विचारलं नाही. वळणावर मी थांबले. आबा सावकाश उतरले, ट्रॉलीपाशी जाऊन उभे राहिले.

"कर," म्हणाले.

"काय करू?"

"रोज करतीस ते."

मी दोर सोडायला लागले. एक गाठ काही केल्या सुटेना. आबांनीच पुढे होऊन ती सोडली आणि पुन्हा मागे सरकले. मी सायकली पुढे घेतल्या, पोती पुढे घेतली. ते बघत राहिले.

"आन् येताना?"

"येताना परत तुमच्यासारखं लावते."

ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. मग म्हणाले, "बैल बी सांगतो गं. भार टोचला तर मान झटकतो, पाय रवून हुबा ऱ्हातो. मुकं जनावर, पर त्यानं मला कदी फसवलं न्हाई."

फसवलं म्हणे. माझं डोकंच फिरलं.

"मग काय करायचं होतं मी?" मी म्हटलं. "सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? 'बरं' म्हणून ओट्यावर जाऊन बसला असता. मी इतकी वर्षं बघितलंय ते. जेवायला वाढलं तरी मान वर करायचा नाहीत. आता कुठे घरात तुमचा आवाज ऐकू येतो, तो मी माझ्या हाताने बंद करू? भीती वाटत होती मला, आबा. फसवत नव्हते, भीत होते."

रस्त्यावर रडायची मला मनस्वी चीड आहे, पण रडले. पलीकडे धोंडाबाई शेळ्या सोडून आमच्याकडे टक लावून बघत होती. म्हटलं बघू दे, तिच्यामुळेच झालंय सगळं.

आबांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "काय चुकतंय ते तरी सांगशील का न्हाई?"

मी सांगितलं. ट्रॉली कशी डुलते, खिंडीच्या उतारावर काय झालं, मागच्या गाडीत पोरं कशी होती, संदेश काय म्हणाला. पोरांचं ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. मग उठले.

"जीप सोडव. चाकाला दगड लाव. आन् मी भरली हुती तशी भर."

मी पुन्हा सगळं मागे घेतलं. आबांनी दांडी दोन बोटांवर उचलली. उचलली गेली, नेहमीसारखी. ती धरून ते तसेच विचार करत उभे राहिले. मग चौकटीकडे पाठ केली आणि तिच्या पुढच्या कडेवर हळूच टेकून बसले. दांडी त्यांच्या वजनाने खाली गेली. उठले, दांडी हलकी झाली. पुन्हा बसले. पुन्हा उठले. आणि स्वतःशीच हसले.

"मी बसायचो न्हवं का हितं," म्हणाले.

"कुठे?"

"पुढं, गाडीच्या धुरेवर. गाडी भरायची ती मधोमध. का, तर हाकनारा पुढं बसतो. त्यो बसला म्हंजी मानेवर पायजे तेवढा भार येतो. चढाला जरा पुढं सरकायचं, उताराला मागं. सारा जनम गाडी भरली ती म्या हितं बसनार असं धरून. ही बी तशीच भरली." त्यांनी ट्रॉलीच्या पुढच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. "आन् हितं मी न्हाईच."

कुठे खिळा निसटलाय ते सापडावं तशा आवाजात ते हे बोलले. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही, मलाच वाटलं. मी महिनाभर मनात म्हणत होते की म्हाताऱ्याचं गणित चुकलं, आता जमत नाही त्यांना. गणित कुठेच चुकलं नव्हतं. त्यात फक्त ते स्वतः धरलेले होते.

"बरं," आबा म्हणाले, "मग माज्या जागी काय ठिवायचं?"

त्यांनी जाकिटांची पोती उचलून पुढच्या कडेला आणली आणि बांधली. मला म्हणाले, "दांडी धर. तू बैल. भार कसा वाटतो ते सांगायचं. गप ऱ्हायचं न्हाई."

मी वाकून दांडी उचलली. "हलकी आहे."

त्यांनी जीपमधली सायकलींच्या हत्यारांची पेटी आणून ठेवली.

"अजून हलकी आहे."

पिण्याच्या पाण्याचा भरलेला कॅन आणला. त्यांना तो जड जात होता, मी पुढे झाले तर हाताने थांबवलं. ठेवून झाल्यावर एक कयाक हातभर पुढे ओढली. धाप लागली होती. कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि पुढे रचलेल्या त्या सामानाकडे बघत राहिले. बैल विकल्यापासून आबा पार वाळलेत, सदरा अंगात लोंबतो.

"मी येवढा जड व्हतो व्हय गं?" त्यांनी विचारलं.

दांडी माझ्या दोन्ही हातांत होती. अजून थोडी हलकी वाटत होती.

"होतात," मी म्हटलं. "अजून एक सायकल पुढे घ्या."